डावीकडचा आवाज

"नखानं काय कळतं, आबा? रबर सगळं सारखंच असतं," सिकंदरभाई म्हणाले.

"सारखं न्हाई. ह्ये बघ, ह्यात नख रुततंय. त्या पल्याडच्यात रुतत न्हाई. मऊ रबर रस्त्यावर बोंब मारत न्हाई."

आबा म्हणजे माझे सासरे, हणमंतराव डुबल. कराडला कोल्हापूर नाक्यावर सिकंदरभाईंचं टायरचं दुकान होतं, तिथे ते उकिडवे बसून अर्ध्या तासापासून एकेका टायरला नख लावून बघत होते. एस.टी.त चौतीस वर्षं ड्रायव्हर, एकही अपघात नाही. ओसरीवर बसून, रस्त्यानं जाणारी गाडी कुठल्या डेपोची ते आवाजावरून सांगत, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर घरात सात सीटर मोठी गाडी आली तेव्हा तिच्या चाव्या आपोआपच त्यांच्या कमरेला गेल्या.

टायर बदलायचं कारण माझा नवरा. नाव धैर्यशील. दोन वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं गाडीला जाड नक्षीचे टायर घातले होते, पार ट्रॅक्टरला शोभतील असे. गाडी दिसायची झोकात, पण साठच्या वर गेली की आत गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. हे मी उगाच म्हणत नाही, विट्याला माझ्या माहेरी पिठाची गिरणी होती. आबा तर गेले वर्षभर एकच धोशा लावून बसले होते, "ह्या टायरांपायी गाडीत कुनाचं बोलनं कळत न्हाई."

आता घाई होती ती उजूताईंची. उज्ज्वला माझी नणंद, चिपळूणजवळ खेर्डीला दिलेली. सातवा महिना लागला होता, तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात तिचं सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं की हिसके नकोत, धक्के नकोत, दगदग नको. मध्ये कुंभार्ली घाट. मुऱ्हाळी म्हणून खरं तर भावानं जायचं, पण आबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "माझ्या लेकीला घाटातनं मीच आननार." त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

"हवा कोंडते आणि सुटते, त्याचा तो आवाज," सिकंदरभाई आबांच्या समोर बसून समजावत होते. "नक्षीच्या खाचा जेवढ्या मोठ्या, तेवढा गोंगाट. तुम्हाला शांत पाहिजे ना? मग हे बारीक, सलग पट्ट्यांचे घ्या."

आबांनी त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग नख रोवलं.

"ह्येच घाल."

चाकं निघायला लागली. कॉम्प्रेसर धडधडत होता. आबा उतरवलेल्या जुन्या टायरांपैकी एकाकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला सिकंदरभाई पुढच्या चाकापाशी वाकले होते. चाक निघाल्यावर त्यांनी आतली उघडी चकती हातानं गरगर फिरवली, मान तिरकी करून ऐकलं आणि आबांना काहीतरी सांगितलं. मी दहा पावलांवर होते, धैर्यशील बाहेर रस्त्याकडेला. त्या धडधडीत मला "बेअरिंग" आणि "बघून घ्या" एवढेच शब्द ऐकू आले. आबांनी मान हलवली. सिकंदरभाईंनी नवं चाक चढवलं.

आबांनी ऐकलंय म्हणजे आबा बघतील. मी एवढाच विचार केला.

घरी परत येताना आबांनी गाडी मुद्दाम हायवेनं घेतली. सत्तरपर्यंत नेली, मग खणखणीत आवाजात विचारलं, "गेला का न्हाई आवाज?"

"गेला, आबा," धैर्यशील म्हणाला.

गोंगाट गेला होता हे खरं. पण तो गेल्यावर त्याच्या खाली लपलेलं दुसरंच काहीतरी उघडं पडलं होतं. बारीक घरघर. डावीकडून, पुढून, पायांखालून वर येणारी. मी धैर्यशीलच्या मागच्या सीटवर होते. चपलेतून पाय काढून तळवा खाली टेकवला, तर तळव्याला मुंग्या आल्यासारखं झालं.

"आबा, काहीतरी घरघरतंय का?" मी विचारलं.

आबा काही बोलले नाहीत. समोर बघत गाडी चालवत राहिले.

यात नवीन काही नव्हतं. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात गाडीत आबांनी मला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. घरात कधी देत, कधी नाही. गाडीत मात्र कधीच नाही. लग्नात मानपानावरून माझे वडील, अण्णा, एक शब्द जास्त बोलले होते. तो राग आबा माझ्यावर काढताहेत असं मी मनाशी पक्कं धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग यायचा. माणूस किती दिवस भिंतीशी बोलणार?

रात्री जेवताना धैर्यशीलला म्हटलं, तर तो म्हणाला, "नवीन टायर आहेत. दोनशे किलोमीटर झाले की बसतील. आणि आबा गेला म्हणाले ना आवाज? झालं तर मग."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पण त्या वेळी मी गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. आबा, शेजारी धैर्यशील, मागे मी आणि सासूबाई. सासूबाईंच्या मांडीवर ओटीचं सामान. पाटणपर्यंत आबांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली ठेवली होती, वारा भणाणत होता.

"आबा, काच जरा वर घेता का? आईंना वारा लागतोय," मी म्हटलं.

उत्तर नाही. काच तशीच.

सासूबाईंनी पदर कानाभोवती गुंडाळला आणि माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे. गाडी चालवताना त्यांचं असंच असतं."

मी खिडकीबाहेर बघत बसले, पण लक्ष सगळं पायांखाली. टायरचा आवाज असेल तर रस्ता बदलला की तो बदलायला हवा. पाटणच्या पुढे रस्ता नुकताच झालेला, तुळतुळीत. तिथे घरघर तशीच. पुढे उखडलेला पट्टा आला, तिथेही तशीच. आणि एक गोष्ट ध्यानात आली. गाडी उजवीकडे वळली की घरघर वाढायची, डावीकडे वळली की दबायची. उजवीकडच्या वळणाला सगळा भार डाव्या चाकांवर येतो. गिरणीतही तसंच. वरच्या टोपल्यात दाणे जास्त पडले की नादुरुस्त बेअरिंग लगेच गुरगुरायला लागतं.

आमच्या गिरणीचं बेअरिंग एकदा चालता चालता अडकलं होतं. मी सातवीत होते. पट्टा तुटून अण्णांच्या खांद्यावर बसला, आणि त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. त्याआधी आठ दिवस ती गिरणी घरघरत होती. गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून अण्णांनी उद्यावर ढकललं होतं.

कोयनानगरला चहाला थांबलो. आबा हॉटेलात शिरले तसं मी धैर्यशीलला गाडीपाशीच अडवलं.

"टायर नाहीत ते. बेअरिंग आहे, पुढचं डावं."

"तुला काय माहीत?"

"काल सिकंदरभाईपण बोलले होते आबांना."

"मग आबांनी बघितलं असेल."

"कधी बघितलं? दुकानातून घरी, घरातून इथे. तुम्ही शेजारीच बसलाय. तुम्हाला येतंय ना ऐकू?"

त्यानं हॉटेलकडे बघितलं.

"येतंय का नाही?"

"येतंय थोडंसं," तो म्हणाला. "पण बेअरिंग एका दिवसात नाही जात. जाऊन येऊ, मग बघू."

"घाट उतरायचाय. आणि येताना उजूताई असणारेत."

"आता मी आबांना काय सांगू? चौतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडीचं कळत नाही म्हणून सांगू?"

घाट उतरताना मी वळणं मोजली नाहीत, पण प्रत्येक उजव्या वळणाला श्वास रोखला. डावीकडे दरी आली की डोळे मिटायची, मग पायाखालची घरघर जास्तच यायची, म्हणून परत उघडायची. सासूबाई माळ ओढत होत्या. आबा मात्र आरामात, एक हात स्टिअरिंगवर.

"बघितलंस का," ते धैर्यशीलला मोठ्यानं म्हणाले, "कशी पान्यावरनं चालल्यागत चालतीया."

शिर्क्यांचं घर खेर्डीला, मागे पोफळींची बाग. उजूताईंचे सासरे शिर्के मास्तर फाटकापर्यंत सामोरे आले. उजूताई दारात उभी होती, चेहऱ्यावर सूज, पण हसत होती. आबांना बघून तिचे डोळे भरले, आणि आबांनीही तोंड फिरवून घाम पुसल्यासारखं केलं. मी तिच्या पोटाकडे बघितलं, आणि मग गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे.

साडेअकराला पानं वाढली. एक वाजता निघायचं ठरलं होतं, आणि शिर्क्यांच्या घरातली रीत होती की ओटी भरून माहेरी निघालेल्या सुनेनं एकदा उंबरा ओलांडला की बाळाला घेऊनच तो परत ओलांडायचा. उजूताईंच्या सासूबाईंनी हे मला दोनदा सांगितलं. "मागच्या वेळी दवाखान्यात निघताना ती पिशवी विसरली म्हणून परत आत आली होती हो," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून मला धसकाच बसलाय. या वेळी सगळं आठवणीनं घे, परत फिरायचं नाही."

म्हणजे एकदा ती बाहेर पडली की मग गाडी निघालीच पाहिजे. माझ्याकडे एक तास होता.

जेवण झाल्यावर आबा पडवीतल्या झोपाळ्यावर बसले होते. मी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, सरळ बोलायचं. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"आबा, थोडं बोलायचं होतं."

ते पोफळींकडे बघत होते. पापणीही हलली नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. व्याह्यांच्या घरातसुद्धा हेच? "आबा," मी आवाज थोडा चढवला, "गाडीबद्दल बोलायचंय."

काही नाही. झोपाळा सावकाश हलत होता.

तेवढ्यात आतून, पलीकडच्या म्हणजे त्यांच्या उजव्या हाताच्या दारातून उजूताई म्हणाली, "आबा, कोकम देऊ का?" अगदी नेहमीच्या आवाजात.

"दे की," आबा लगेच म्हणाले, आणि भांडं घ्यायला वळताना मी त्यांना दिसले. ते दचकले. "तू कवा आलीस?"

मी म्हटलं, "आत्ताच."

तिथून मी सरळ मागच्या विहिरीपाशी गेले, आणि काठावर बसून राहिले. एकामागून एक सगळं आठवत गेलं. घरात आबांची खुर्ची कोपऱ्यात, डावा खांदा भिंतीला लावून. जेवताना सासूबाई नेहमी उजवीकडून वाढतात. मी डावीकडून वाढलं तर "भात वाढू का" याला उत्तर येत नाही आणि मी फणकारून निघून जाते. जुन्या एस.टी.त इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, पत्र्याच्या झाकणाखाली, डाव्या बाजूला. चौतीस वर्षं, रोज आठ-दहा तास, त्या एका कानाशी ते धडधडत होतं. आणि घरच्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे आम्ही सगळे त्यांच्या डावीकडे किंवा डाव्या हाताला मागे. उजव्या कानाशी उघडी काच आणि वारा. कुणाचं बोलणं कळत नाही म्हणून या माणसानं वर्षभर टायरांना शिव्या घातल्या होत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं की नाही, कोण जाणे. पण नख लावून लावून त्यांनी शांत टायर निवडले होते ते आमचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

मला स्वतःची लाज वाटली. दीड वर्ष मी त्या माणसावर दात धरून होते.

पण लाज वाटून बेअरिंग दुरुस्त होत नाही. आणि आता तर मला सरळ बोलताही येत नव्हतं. ऐकू येत नाही म्हणावं, तर लेकीच्या सासरी, व्याह्यांसमोर, त्यांची चौतीस वर्षं मातीत घातल्यासारखं होणार. गप्प बसावं, तर घाटात उजूताई.

एक वाजला. उजूताईंच्या हातात नारळ दिला, सासूनं डोळे पुसत तिला निरोप दिला. तिनं उंबरा ओलांडला. माझ्या सासूबाई आणि ती मागे बसल्या, धैर्यशील पुढे. आबांनी गाडी चालू केली. मी अंगणातच उभी.

"बस की," धैर्यशील म्हणाला. त्याच्या नजरेत मला गप्प राहण्याची विनंती होती, ती मला व्यवस्थित कळली.

मी गाडीला वळसा घालून आबांच्या खिडकीपाशी गेले. उजव्या बाजूला. अगदी जवळ वाकले, कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं बोलले.

"आबा, पुढचं डावं चाक उचलून बघितल्याशिवाय मी बसणार नाही. उजूताईंनाही बसू देणार नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"काय झालंय चाकाला?"

"बेअरिंग गेलंय."

"मला आवाज आला न्हाई तो?" ते हळू म्हणाले, पण दातांतून. "तुला आला? कालच्या पोरीला?"

"कानानं नाही कळायचं, आबा. आमच्या गिरणीत एवढा गोंगाट असायचा की कुणाच्याच कानाला काही कळायचं नाही. अण्णा हात ठेवून बघायचे. तुम्ही फक्त हात ठेवून बघा. काही नसलं तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

मास्तर पायऱ्यांवरून बघत होते. शेजारचे दोघंतिघं कुंपणापाशी आले होते. उजूताई मागून विचारत होती, "काय झालं? वहिनी, काय झालं?" आबांनी इंजिन बंद केलं. उतरले. मागून जॅक काढला आणि डाव्या चाकापाशी जाऊन बसले.

मदतीला गेलेल्या धैर्यशीलला त्यांनी हातानं बाजूला केलं. मी उजूताईंना आणि सासूबाईंना खाली उतरवलं. आबांनी गाडी उचलली. चाक जमिनीवरून सुटलं. समजा, चूक माझीच असेल तर? मग या घरात मला पुन्हा तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

आबांनी डावा हात चाकाच्या मागे आत घालून स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्या हातानं चाक फिरवलं. एकदा. मग पुन्हा, सावकाश. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा फिरवलं. मग चाक वर आणि खाली धरून हलवून बघितलं. ते हललं. मला उभ्या जागेवरून दिसलं, बोटाच्या पेराएवढं नाही, पण हललं.

आबांनी चाक पुन्हा एकदा फिरवलं. हात अजून स्प्रिंगवरच होता.

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"वाळू भरल्यागत लागतंय," ते म्हणाले. मग विचारलं, "काल सिकंदर कायतरी म्हनला. चाक काढल्यावर. काय म्हनला?"

"बेअरिंग बघून घ्या म्हणाले. मलाही नीट ऐकू आलं नाही, कॉम्प्रेसर चालू होता."

"आन मी काय म्हनलो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही मान हलवली."

आबांनी हात बाहेर काढला. ग्रीसनं काळा झालेला तो हात ते बघत राहिले.

"हलवतो मी," ते म्हणाले. "हल्ली लई मान हलवतो."

धैर्यशील पुढे वाकून म्हणाला, "आबा, मलाही सकाळपासून येत होता आवाज."

"मग बोलला का न्हाईस?"

तो जॅकचा दांडा उचलायला वाकला. त्याचं उत्तर मला देता आलं असतं, पण ती वेळ नव्हती.

आबा उठले. हात पुसत पायऱ्यांपाशी गेले. "मास्तर," ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी न्यायची न्हाई. बेअरिंग गेलंय. मी टायर बघत बसलो, चाक बघितलं न्हाई. चूक माझी हाय. सूनबाईनं वळखलं म्हनून, न्हाईतर आज माझ्या हातनं काय झालं असतं कुनास ठावं."

उजूताईंच्या सासूबाई कासावीस झाल्या. एकदा बाहेर पडलेली सून आत कशी घ्यायची? माझ्या सासूबाईंनी तोडगा काढला. समोरच्या घराच्या ओसरीवर खुर्ची मांडली, आणि उजूताई नारळ मांडीवर घेऊन तीन तास तिथे बसली. तिची सासू रस्ता ओलांडून तिला कधी ताक, कधी फणसाची पोळी नेऊन देत होती. मास्तरांच्या ओळखीचा मेकॅनिक आला. त्यानं बेअरिंग काढून आबांच्या हातावर ठेवलं. आतल्या गोळ्यांना खड्डे पडले होते, दोन तर फुटल्या होत्या. तो म्हणाला, "घाट चढला असता की नाही, सांगता येत नाही." आबांनी ते बेअरिंग कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. का, ते कुणी विचारलं नाही.

चार वाजता गाडी तयार झाली. उजूताईला जपून बसवलं. आबा अंगणात उभे होते. त्यांनी कमरेची चावी काढली आणि धैर्यशीलपुढे धरली.

"चालव."

"मी? अहो आबा, झालीय की आता दुरुस्त."

"गाडी झालीय," आबा म्हणाले.

धैर्यशीलनं चावी घेतली. आबा पुढून वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसत असावेत. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना क्षणभर सापडेना. त्यांनी आपल्या बाजूची काच सवयीनं खाली केली. मी या वेळी उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे बसले. मध्ये सासूबाई, पलीकडे उजूताई.

शिरगाव मागे पडलं. घाट सुरू झाला. पहिलं उजवं वळण आलं, मी पाय खाली टेकवले, आणि पायाखाली घरघर नव्हती. दुसरं वळण, तिसरं. धैर्यशील नको इतका जपून चालवत होता, आणि आबांचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता. डोंगरावरून गार वारा यायला लागला. उजूताईनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

तोंडातून शब्द सवयीनं निघाले, उत्तराची अपेक्षा न ठेवता, नेहमीच्या माझ्या बारीक आवाजात.

"आबा, काच जरा वर घ्या ना. उजूताईंना वारा लागतोय."

आबांची मान किंचित उजवीकडे वळली.

"घेतो की, पोरी," ते म्हणाले, आणि काच वर गेली.

मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत राहिले. काही वेळानं उजूताई हळूहळू बोलायला लागली, मग थांबेचना. सासरचं, डॉक्टरांचं, रात्री बाळ कसं लाथा मारतं त्याचं. आबा मधूनच विचारत होते, "मग?" ती पुढचं सांगत होती. हेळवाकपर्यंत त्यांनी तिचा एकही शब्द सोडला नाही. गाडीत दुसरा कसला आवाज नव्हता. टायर आबांनी चांगले निवडले होते.